विमानामागचा धूर मण्यांच्या माळेसारखा तुटतो: ब्लेंडरमधल्या हवाई लढतीची दुरुस्ती

ब्लेंडर या थ्रीडी अॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये हवाई लढत करायला बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाला ही अडचण येते, आणि एकदा सुटली तरी पुढच्या शॉटला पुन्हा येते. विमान झकास उडतंय, प्रकाश छान पडलाय, पण मागचा धूर सलग निघत नाही. पांढऱ्या-काळ्या गोळ्यांची माळ आकाशात टांगल्यासारखी दिसते. गोळा, रिकामी जागा, पुन्हा गोळा. आमच्या शॉटमध्ये हे झालं तेव्हा तीन दिवस मी धुराची घनता, शेडर, रंग यांच्याशीच झटत होतो. दोष तिथे नव्हताच.

आमचा शॉट होता १४ डिसेंबर १९७१ च्या श्रीनगरचा. फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीतसिंग सेखों यांनी विमानतळावर बॉम्ब पडत असताना नॅट हे आपलं छोटं लढाऊ विमान हवेत नेलं आणि पाकिस्तानच्या सेबर विमानांच्या पाठी लागले, ती लढत. हवाई दलाला मिळालेलं आजवरचं एकमेव परमवीर चक्र या लढतीसाठी आहे. अशा प्रसंगात 'चालतंय की' म्हणून धूर कसाही सोडून द्यायला मन तयार होत नाही. म्हणून सगळं मुळापासून मोजलं. ते आकडेच इथे देतो, कारण आकडे मांडले की दोष कुठे आहे ते आपोआप दिसतं.

नॅटचा वेग सेकंदाला २०० मीटर धरा, म्हणजे ताशी ७२०. सेकंदाला २४ फ्रेम. तर एका फ्रेममध्ये विमान सव्वाआठ मीटरहून थोडं जास्त पुढे सरकतं, ८.३३ मीटर. नॅटची लांबी जेमतेम पावणेनऊ मीटर. म्हणजे दर फ्रेमला विमान जवळजवळ स्वतःच्या लांबीइतकी उडी मारतं. समोरच्या सेबरचा वेगही तोच धरा. त्याच्या शेपटीकडे तुम्ही धूर सोडणारा जो गोल ठेवलाय, तो असेल एक मीटर व्यासाचा. काही सांगितलं नसेल तर सिम्युलेशन त्या गोलाकडे फ्रेममध्ये एकदाच बघतं. एक मीटर धूर, मग सात मीटर काहीच नाही, मग पुन्हा एक मीटर धूर. हीच ती माळ. धूर तुटत नाहीये, मधल्या जागेत तो सोडलाच गेलेला नाही.

पहिला उपाय सोपा आहे, आणि छोट्या शॉटला तो पुरतो. धूर सोडणारी वस्तू निवडा, फिजिक्समध्ये फ्लोच्या सेटिंग्जमध्ये जा आणि सॅम्पलिंग सबस्टेप्स हा आकडा बघा. तो शून्य असेल. दोन फ्रेमांच्या मध्ये आणखी किती वेळा त्या वस्तूची जागा तपासायची, हे तो सांगतो. किती ठेवायचा? अंदाजाने वाढवत बसू नका. एका फ्रेममधलं अंतर भागिले धूर सोडणाऱ्या गोलाचा अर्धा व्यास. इथे ८.३३ भागिले ०.५, म्हणजे सतरा टप्पे, म्हणून सबस्टेप्स १६. लागोपाठचे दोन गोल एकमेकांवर निम्मे चढले की माळ दिसत नाही. डोमेनमध्येही, म्हणजे ज्या चौकोनी जागेत धुराचं गणित होतं तिथे, टाइमस्टेप्स नावाची जोडी आहे, पण तो हवेच्या हालचालीच्या गणिताचा भाग आहे. अनेक जण ते वाढवतात, बेक, म्हणजे हे गणित करून साठवण्याचं काम, दुप्पट लांबतं आणि माळ आहे तशीच राहते.

आकडा बदलल्यावर जुनी कॅश, म्हणजे आधी साठवलेलं उत्तर, मोकळी करून नव्याने बेक करायला विसरू नका. हे लिहायची गरज नसावी असं वाटतं, पण 'मी १६ केलं, २० केलं, काही फरक नाही' असं जेव्हा जेव्हा कुणी म्हणालंय, तेव्हा स्क्रीनवर जुनीच कॅश चालू असल्याचं आढळलंय. मीही त्यात एक संध्याकाळ घालवली आहे.

त्याच ठिकाणी इनिशियल व्हेलॉसिटी चालू असेल तर तिचा सोर्स आकडा बघा. तो १ असेल तर धूर विमानाचा वेग घेऊन त्याच्या मागे धावतो. जळत्या विमानाचा धूर खरं तर हवेत सुटला की अडकतो, आणि विमान त्याला सोडून निघून जातं. मी ०.१ ते ०.२ च्या मध्ये ठेवतो, म्हणजे सुटताना किंचित ओढ दिसते आणि मग तो जागेवर राहतो.

आता खरी अडचण. सबस्टेप्स १६ केल्यावर आमची माळ गेली, पण तिच्या जागी एक ढोबळ, चौकोनी ठिगळांचा पट्टा आला. सहा सेकंदांच्या शॉटमध्ये विमान १,२०० मीटर जातं. तेवढा रस्ता मावेल असं डोमेन केलं आणि रिझोल्यूशन डिव्हिजन्स, म्हणजे लांब बाजूचे तुकडे, २५६ ठेवले, तर एका व्हॉक्सेलची बाजू येते ४.७ मीटर. धूर सोडणारा गोल एक मीटरचा आणि त्याला टिपणारा सगळ्यात छोटा डबा पावणेपाच मीटरचा! पाव मीटरचा व्हॉक्सेल हवा असेल तर लांबीत ४,८०० डिव्हिजन्स लागतील. हजार मीटर लांब आणि शंभर-शंभर मीटर रुंद-उंच एवढाच तुकडा घेतला तरी ६४ कोटी व्हॉक्सेल होतात, आणि त्यांतले बहुतेक रिकामी हवा मोजत बसतात. कुठल्याही घरगुती मशीनवर हे बेक होणार नाही. अॅडॅप्टिव्ह डोमेन लावून मदत होते, पण तिरकी किंवा वळणारी शेपटी असली की तिच्याभोवतीचा चौकोनही मोठाच होतो.

म्हणून लांब धुराच्या शेपटीसाठी मी सिम्युलेशन सोडून दिलं. पाच-सहा सेकंदांत शेपटीचा आकार हवा ठरवत नाही, विमानाचा रस्ता ठरवतो. आणि रस्ता तर आपल्याला आधीच माहीत आहे. तो कर्व्ह आपणच काढलाय. मग धूर त्या कर्व्हवरच बसवायचा, जॉमेट्री नोड्सने, म्हणजे आकार घडवणारे नियम एकमेकांना जोडून.

रचना अशी. विमान फॉलो पाथने कर्व्हवर चालतं. तिथे फिक्स्ड पोझिशन चालू करून ऑफसेट फॅक्टर ० ते १ असा अॅनिमेट करा. हाच फॅक्टर ड्रायव्हरने (एका आकड्यावरून दुसरा चालवणारी जोडणी) जॉमेट्री नोड्समध्ये आणा. नोड्समध्ये कर्व्हला रिसॅम्पल कर्व्ह लावा, लांबीच्या हिशेबाने, ०.३ मीटरला एक बिंदू. मग स्प्लाइन पॅरामीटरचा फॅक्टर कॅप्चर करून ठेवा, कर्व्ह टू पॉइंट्स करा आणि नंतर डिलीट जॉमेट्रीने नको ते बिंदू काढा: विमानाच्या पुढचे आणि चार सेकंदांपेक्षा जुने. उरलेल्यांना पॉइंट्स टू व्हॉल्यूम आणि प्रिन्सिपल्ड व्हॉल्यूमचं मटेरियल.

इथे क्रम महत्त्वाचा आहे आणि इथेच दुसरी माळ तुमची वाट बघत असते. बहुतेक जण आधी ट्रिम कर्व्हने शेपटी कापतात आणि मग रिसॅम्पल करतात. तसं केलं की दर फ्रेमला शेपटीची सुरुवात सरकते, आणि तिथून मोजलेला प्रत्येक बिंदूही सरकतो. शॉट चालवल्यावर सगळा धूर मुंग्यांची रांग चालल्यासारखा सळसळतो. आधी रिसॅम्पल, मग छाटणी. तेव्हाच प्रत्येक बिंदू हवेत एका जागी खिळून राहतो आणि विमान फक्त नवे बिंदू उघडत जातं.

बिंदूचं वय म्हणजे विमानाचा फॅक्टर वजा बिंदूचा कॅप्चर केलेला फॅक्टर, गुणिले शॉटचे सेकंद. त्या वयावरून त्रिज्या ठरवा. धूर आधी झपाट्याने फुगतो आणि मग हळू, म्हणून वयाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढवला की डोळ्याला पटतो. आम्ही अर्ध्या मीटरपासून सुरू करून चार सेकंदांत चार मीटरपर्यंत नेला. घनता त्याच वेळी कमी करत न्या, नाहीतर जुना धूर ताज्या धुराहून काळा दिसतो. सेट पोझिशनमध्ये नॉइज टेक्स्चर मिसळा, पण त्याला इनपुट म्हणून बिंदूची हवेतली जागा द्या आणि त्याची ताकदही वयाबरोबर वाढू द्या. मग विमानाजवळ धूर घट्ट दोरीसारखा असतो आणि मागे जाता जाता तो उकलतो. नॉइज चौथ्या मितीत अगदी हळू फिरवला की धूर घुसळल्यासारखा वाटतो.

आणि हे हलकं का पडतं? ब्लेंडरचे व्हॉल्यूम ओपनव्हीडीबीवर चालतात. ड्रीमवर्क्स अॅनिमेशनमध्ये घडलेली ही पद्धत २०१२ साली सगळ्यांसाठी खुली झाली, आणि तिची खुबी हीच की रिकाम्या हवेला ती जागाच देत नाही. आमची ८०० मीटरची शेपटी पाव मीटरच्या व्हॉक्सेलने तेरा-चौदा लाख व्हॉक्सेलांत बसते. कुठे ६४ कोटी!

विमान कर्व्हवर नसेल, हाताने की मारून, म्हणजे ठरावीक फ्रेमला जागा नोंदवून, उडवलं असेल, तरी अडत नाही. दर फ्रेमची जागा एक बिंदू मानून त्यांची सरळ रेषांनी जोडलेली वाट करा. सरळ तुकड्यांमुळे वळण कोनाकोनाचं दिसेल अशी भीती मलाही होती. मोजलं: २०० मीटर वेगाने ५ जीचं, म्हणजे गुरुत्वाच्या पाचपट भाराचं, वळण घेतलं तर त्रिज्या सुमारे ८३० मीटर येते, आणि एका फ्रेमच्या सरळ तुकड्याचं खऱ्या वळणापासूनचं अंतर एक सेंटिमीटर. चार मीटर त्रिज्येपर्यंत फुगणाऱ्या धुरात ते कुणालाही दिसणार नाही. या वाटेवर बिंदूचा क्रमांक हाच फ्रेमचा क्रमांक असतो, म्हणून रिसॅम्पलच्या आधी तो दशांशात कॅप्चर करा आणि वय त्यावरून काढा. वेग कमीजास्त झाला तरी वय बरोबर येतं.

एक जागा बाकी राहते, शेपटी जिथे विमानाला चिकटते ती. सायकल्स या ब्लेंडरच्या रेंडररमध्ये मोशन ब्लर, म्हणजे वेगाचा धूसरपणा, चालू केला, शटर ०.५ आणि मध्यभागी, की विमान फ्रेमच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटर पसरतं. धुराचं तोंड मात्र फ्रेमच्या क्षणालाच अडकलेलं असतं. परिणाम: सेबरची शेपटी आणि धूर यांच्यामध्ये एक फिकट खाच, जणू धूर दुसऱ्याच कुणाचा आहे. आम्ही फॅक्टरमध्ये थोडी भर घालून धुराचं तोंड दोन मीटर विमानाच्या पोटात ढकललं. आत काय आहे ते पत्र्याआड झाकलं जातं, आणि खाच गेली. आठशे मीटर धूर बरोबर करून या दोन मीटरांकडे दुर्लक्ष केलं तर बघणाऱ्याची नजर नेमकी तिथेच जाते.

धुराचा प्रश्न सुटला, आता तोफांचे गोळे. इथेही दोष तसाच फ्रेमांमधल्या फटीत आहे, पण दिसतो अगदी वेगळा, म्हणून लोक त्याला वेगळी अडचण समजतात.

नॅटवर ३० मिलिमीटरच्या दोन एडन तोफा. एका तोफेतून मिनिटाला सुमारे १,२०० गोळे, म्हणजे सेकंदाला २०. गोळ्याचा वेग सेकंदाला सुमारे ७९० मीटर. दोन गोळ्यांमधलं अंतर साडेएकोणचाळीस मीटर. विमानामागे धावणाऱ्या कॅमेऱ्यातून बघितलं तर गोळा एका फ्रेममध्ये तेहतीस मीटर पुढे जातो. पण डोळा गोळ्याला नावानिशी ओळखत नाही. तो आधीच्या फ्रेममधल्या सर्वांत जवळच्या ठिपक्याशी जोडी लावतो. तेहतीस मीटर पुढे आलेला गोळा हा आधी साडेएकोणचाळीसवर असलेल्या गोळ्याच्या साडेसहा मीटर मागे दिसतो. झालं, सगळे ट्रेसर, म्हणजे उजेडाने वाट दाखवणारे गोळे, हळूहळू उलटे, तोफेकडे परत येताना दिसतात. तोच शॉट जमिनीवरच्या कॅमेऱ्यातून घेतला तर गोळ्याला विमानाचे २०० मीटरही मिळतात. एका फ्रेममध्ये तो सव्वाएकेचाळीस मीटर जातो. आता तो पुढच्या गोळ्याच्या जागेहून जेमतेम पावणेदोन मीटर पुढे पडतो, आणि ट्रेसर हवेत लोंबकळल्यासारखे संथ सरकतात. बैलगाडीचं चाक पडद्यावर उलटं फिरताना दिसतं, त्यातलाच हा प्रकार.

आमच्या गटातल्या एकाने हे बघून गोळ्यांचा वेग दुप्पट केला. पण त्याने दोन गोळ्यांमधलं अंतरही दुप्पट झालं, उलटे जाणारे ट्रेसर उलटेच राहिले, आणि जमिनीवरच्या कॅमेऱ्यातलेही उलटे जायला लागले. वेगाला हात लावू नका. दर चौथा गोळाच दाखवा. खऱ्या लढाईतही पट्ट्यातला प्रत्येक गोळा ट्रेसर नसतो. मग दोन ठिपक्यांत १५८ मीटर अंतर पडतं, आणि तेहतीस किंवा एकेचाळीस मीटरची चाल डोळ्याला पुढेच जाताना दिसते. शिवाय ठिपका ठेवू नका, रेघ ठेवा. शटर अर्धी फ्रेम उघडं असतं, म्हणजे १/४८ सेकंद. तेवढ्यात गोळा विमानाच्या तुलनेत साडेसोळा मीटर जातो, तेवढीच लांब रेघ. जमिनीवरच्या कॅमेऱ्यासाठी ती वीस मीटरहून थोडी जास्त. सुरुवातीचा क्षणही फ्रेमला बांधू नका. दोन तोफांचे गोळे फ्रेमच्या वेगवेगळ्या भागांत सुटू द्या, नाहीतर दोन्ही रांगा कवायतीसारख्या जोडीने चालतात.

सेबरचा मारा असाच करू नका, हे आवर्जून सांगतो. त्यावर अर्धा इंची सहा ब्राउनिंग मशीनगन, प्रत्येकीतून सेकंदाला वीसच्या आसपास गोळ्या, म्हणजे मिळून १२०. तो दाट, बारीक शिडकाव आहे. नॅटच्या दोन तोफांचा मारा विरळ आणि जड. दोघांना एकच इफेक्ट चिकटवला तर कोण कुणावर गोळीबार करतंय हे आवाज बंद केल्यावर कळत नाही, आणि शॉटची गोष्टच हरवते.

ट्रेसर वळणात पाण्याच्या पाइपासारखे वाकत असतील तर त्यांचं कारण वेगळं आहे आणि सोपं आहे: ते विमानाला पेरेंट केलेले, म्हणजे जोडून टाकलेले, आहेत. गोळा तोफेतून सुटला की विमानाशी त्याचं नातं संपतं. सुटण्याच्या क्षणीची दिशा आणि वेग घ्या, त्यात विमानाचा वेग मिळवा, आणि त्याला जगात मोकळा सोडा.

तिसरी तक्रार थरथरण्याची. विमान खड्ड्यांच्या रस्त्यावर चालल्यासारखं हादरतं, वैमानिकाच्या हेल्मेटचे बिंदू एकमेकांत घुसतात, आणि मोशन ब्लर, बेक, कॅश सगळं तपासून झालं तरी थांबत नाही. आम्ही श्रीनगरच्या खोऱ्याचा उंचीचा नकाशा नकाशाच्याच निर्देशांकांवर आणला होता, मीटरमध्ये. तिथे विषुववृत्तापासूनचं उत्तरेकडचं अंतर साडेसदतीस लाख मीटरहून जास्त भरतं. ब्लेंडर जागा ३२ बिटांच्या संख्येत ठेवतो, आणि एवढ्या मोठ्या आकड्यावर त्या संख्येची सगळ्यात छोटी पायरी पाव मीटर असते. २५ सेंटिमीटर! याहून बारीक कुठलीही हालचाल तिथे मांडताच येत नाही. मग हेल्मेट पायऱ्यांवर उड्या मारणार नाही तर काय करणार? विमानतळाची धावपट्टी शून्यावर आणली, सगळ्या जमिनीतून तेवढा आकडा वजा केला, आणि थरथर त्याच क्षणी थांबली. दहा किलोमीटरच्या आत हीच पायरी एक मिलिमीटरपर्यंत खाली येते. भूभाग आणताना पहिल्याच दिवशी हे करा. नंतर केलं तर प्रत्येक की, प्रत्येक कॅमेरा आणि प्रत्येक कर्व्ह हलवावा लागतो, आणि त्यात आमचा आख्खा आठवडा गेला.

नवा शॉट हातात आला की आता मी आधी कागदावर तीन आकडे लिहितो: एका फ्रेममध्ये विमान किती जातं, एका फ्रेममध्ये गोळा किती जातो, आणि शॉट शून्यापासून किती लांब आहे. धुराचा बिघाड पहिल्यात सापडतो, ट्रेसरचा दुसऱ्यात, थरथर तिसऱ्यात. तपासायचंही याच शॉटच्या खऱ्या वेगाने. विमान हळू करून धूर नीट दिसतो म्हणून समाधान मानलं तर वेग परत वाढवल्यावर माळ परत येते.

एक गोष्ट मात्र आकड्यांतून मिळाली नाही. आमच्या शेपटीचं तोंड बरोबर बसलं, जाडी बरोबर आली, तरी विमान खेळण्यातलं वाटत होतं. मी विमाननगरला राहतो, लोहगावहून सुखोई उठतात ते गच्चीवरून दिसतं. पावसाळ्यातल्या एका दमट सकाळी एका सुखोईने वर ओढ घेतली आणि पंखांच्या वर क्षणभर पांढरी वाफ उमटली, ओढ संपली तशी विरली. सेकंदही झाला नसेल. ती वाफ म्हणजे पंखावर किती भार आहे याची खूण. डिसेंबरच्या श्रीनगरची हवा वेगळी, तिथे तीच वाफ चिकटवणं बरोबर ठरलं नसतं. पण भार दिसला पाहिजे एवढं त्या दिवशी समजलं. मग ओढ घेताना नॅटचे पंख टोकाला अगदी किंचित वर वाकवले, आणि तेवढ्या फ्रेम्स कॅमेरा मागे पडू दिला. विमानाला वजन आलं.

अजून एका शॉटवर काम बाकी आहे. परमवीर चक्राच्या मानपत्रात ही लढत झाडांच्या उंचीवर झाल्याचं म्हटलं आहे, आणि इतक्या खाली धुराची सावली चिनारांवरून आणि बर्फावरून धावायला हवी. सध्या ती विमानाच्या एक फ्रेम मागे पडते. ड्रायव्हरमधला फॅक्टर मी आधीच्या फ्रेमचा वाचतोय असा संशय आहे, तिथून सुरुवात करणार आहे.